कुसुमताई मुलाखतीला काय नेसली

मुलाखत हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा कुसुमताईनं आणला. त्याआधी घरात येणारे मोठे शब्द तलाठ्याकडून नाहीतर कीर्तनकाराकडून यायचे, आणि ते आले तसे दारातूनच परत जायचे. हा मात्र राहिला. थंडीचे दिवस होते, चुलीवर तुरीच्या शेंगा शिजत होत्या, सगळ्या घराला त्या मिठाच्या वाफेचा वास लागला होता. ताई चिखलीहून एस.टी.नं आली, हातपाय न धुताच चुलीजवळ बसली आणि म्हणाली, "मले मुलाखतीले बोलावलं." मायनं विचारलं, "कोनाच्या घरी?"

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बी.ए. झाली होती. आमच्या आळीत तोवर पोरगाही बी.ए. नव्हता. मी चौथी झाले आणि घरी बसले, कारण पाचवीची शाळा उंद्रीला होती, पोरींना तेवढं चालत पाठवायची तेव्हा रीत नव्हती, आणि घरात माणसांपेक्षा काम जास्त होतं. मला कोणी मारून शाळेतून काढलं नाही. सुट्टी लागली आणि ती संपलीच नाही, एवढंच. माझं दप्तर मधल्या खोलीतल्या कोनाड्यात होतं. ताई दर दिवाळीला म्हणायची, "नोकरी लागू दे बेबी, मंग चिखलीत खोली करू. तुले संगं नेईन. पाचवीत नाव घालू." मी तेरा वर्षांची झाले तरी ते खरंच मानत होते. पाचवीच्या वर्गात सगळ्यांत उंच मी दिसेन याची लाज वाटायची, पण जाणार नाही असं कधी वाटलं नाही. त्यामुळे मुलाखत ताईची असली तरी माझा जीव तिच्यात होता.

आमच्याकडे कापूस वेचून आला की विकेपर्यंत मधल्या खोलीत भरून ठेवायचे. ती खोली थंडीत पांढरी होऊन जायची, पार आढ्याच्या खालपर्यंत. आत शिरलं की बाहेरचं काहीच ऐकू यायचं नाही, पिठाच्या गिरणीची कुककुकही नाही. आणि आतलं बाहेर जायचं नाही. ताईनं तयारीसाठी तीच खोली धरली. ती कापसाच्या ढिगाला टेकून ताठ बसायची आणि मी समोर उपड्या टोपल्यावर. मी साहेब. तिनं शिकवलेले प्रश्न मी विचारायचे. तुमचा विषय कोणता? पतसंस्था कशासाठी असते? तुम्हाला आमच्याकडेच काम का करायचं आहे? ताई मोठ्यानं, खणखणीत उत्तर द्यायची. एरवी आमच्या घरात बाईमाणसाचा आवाज ओसरीपर्यंतसुद्धा जायचा नाही. तो आवाज ताईनं कुठून काढला मला कळत नसे. मी प्रश्न विसरून तिच्या तोंडाकडं बघत राहायची. ती म्हणायची, "साहेब, तोंड बंद करा, कापूस जाईन."

तिच्या कॉलेजात एक मॅडम होत्या. त्यांनी तिला कपड्यांचं नीट सांगून दिलं होतं. साडी सुती आणि फिकट असावी, पदर पिनेनं लावावा, एकच वेणी घालावी, हातात घड्याळ, आवाज करणारं काही अंगावर नको, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघावं. ताईनं तशी साडी आणली. राखाडी रंगाची, बारीक निळा काठ. गावातल्या रहीमचाचांनी कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं शिवून दिलं. घड्याळ मैत्रिणीचं. एका दुपारी तिनं ते सगळं कापसाच्या खोलीत घालून दाखवलं. मला ती ओळखूच येईना. ती आमच्या घरातली वाटेना, आणि तरी कधी नव्हे इतकी तीच वाटत होती. मला हे अजून नीट सांगता येत नाही.

तेवढ्यात आत्या कापूस चाचपायला आत आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती आमच्याकडं आली, ती कायमची. तिच्या अंगावर मी फिकटाशिवाय दुसरा रंग पाहिला नाही. पण गावात कोणाच्याही घरी पोरीला बघायला पाहुणे येणार असले की पहिलं बोलावणं आत्याला यायचं. तिला हळदी-कुंकवाला कोणी बोलवत नसत, लग्नात ती मागं बसायची, पण बघायच्या दिवशी पोरीला नेसवायची आत्याच. रंग निवडायची ती, वेणी घालायची ती, काजळ किती आणि पदर कुठवर तेही तीच ठरवायची. तिचा हात लागला की पोरगी पसंत पडते असं बाया म्हणायच्या. आत्याला तेवढा एकच मान होता. मुलाखतीचं ऐकल्यावर तिनं ताईला समोर बसवून सगळं विचारून घेतलं होतं.

"म्हणजे चार माणसं बसतीन, तू समोर बसशीन, थे विचारतीन न तू सांगशीन. असंच न?"

"हाव, पण थे निराळं असते आत्या."

"निराळं काय असते? चहा कोन देते तेवढं सांग."

"शिपाई देते."

"मंग तं सोपंच झालं. चहा सांडाचं भेव नाही."

आम्ही सगळे हसलो होतो, ताईसुद्धा. पण आत्या हसण्यासाठी बोलली नव्हती.

तर ती आत आली, तिनं ताईला त्या राखाडी साडीत पाहिलं आणि तिचा हात कापसातच राहिला. मग एकदम जवळ येऊन तिनं ताईचा पदर धरला. "उतरव थे. आताच्या आता उतरव."

"काऊन वं आत्या? मॅडमनं सांगतली अशी."

"तुह्या मॅडमच्या कपाळी असन कुंकू. मह्यावाणी दिसून राह्यली तू." आत्याचा आवाज चिरकला. "कुवार पोरगी, आन पहिल्यांदाच चार मोठ्या माणसाइपुढं असं नेसून जाशीन? मी मेली का घरात?"

ताईनं तिला समजावलं. कचेरीत असंच लागते, रंगबिंग कोणी पाहत नाही, असं पुष्कळ सांगितलं. आत्या ओसरीवर जाऊन बसली आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ती भाकर समोर घेऊन नुसती बसली. मग बाबा बोलले. बाबा वाईट नव्हते. ताईला शिकवल्याबद्दल लोकांचं ऐकून घेणारा तोच माणूस होता. ते म्हणाले, "कितीक पोरी उजवल्या तिनं. आपल्याच घरी नाही म्हणाचं का तिले? एका दिवसाचा तं सवाल हाये. मार्क काय साडीले देतीन?" ताईनं राखाडी साडीची घडी घातली. मला वाटतं बाबांचं ते शेवटचं वाक्य तिलाही पटलं.

मुलाखतीच्या दिवशी आत्या कोंबड्याच्या आधी उठली. मायच्या लग्नातली डाळिंबी साडी निघाली, तिला मोठा जरीचा काठ. ताईला गेल्या साली बघायला आले तेव्हा तीच नेसवली होती. पाहुण्यांनी कॉलेज सोडायची अट घातली म्हणून ते फिसकटलं होतं. हिरव्या बांगड्या, गळ्यात मायची एकदाणी, अबोलीचा गजरा, पैंजण. पैंजणाला ताई नको म्हणाली तेव्हा आत्या म्हणाली, "रिकाम्या पायानं चालती पोरगी चोरावाणी वाटते." साडीवर कापसाचे तंतू बसले होते. माय ते एकेक वेचून काढत होती आणि ते पुन्हा बसत होते. शेवटी आत्यानं ताईची हनुवटी धरून तोंड खाली केलं आणि हलकेच म्हणाली, "असं. इतकंच. विचारलं तेवढंच सांगजो, आन हळू." ताई खरंच फार सुंदर दिसत होती. मला त्या सकाळची दुसरी काही तक्रार करता येत नाही.

पोरगी एकटी कशी जाणार म्हणून बाबा निघाले, आणि बाईमाणूस सोबत हवं म्हणून मी. माझ्याजवळ कापडी पिशवी होती. तिच्यात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि त्याखाली घडी केलेली राखाडी साडी, पोलक्यासकट. ती ताईनं पिशवीत कधी टाकली मला माहीत नाही. चिखलीच्या स्टँडवर बाबा पाणी प्यायला गेले तसा तिनं माझा हात धरला आणि बायांच्या खोलीत नेलं. आत एक म्हातारी आणि तिची गाठोडी, बाकी कोणी नव्हतं. ताईनं साडी बाहेर काढली. गजऱ्याला हात लावला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ती कितीतरी वेळ ती घडी पोटाशी धरून उभी होती. मग तिनं साडी परत पिशवीत ठेवली.

"काऊन वं ताई? बदल न."

"घरी गेल्यावर आत्या विचारीन. पदर कसा घेतला, कोन काय म्हणलं, समदं ऐकाचं असते तिले. काय सांगू? तुह्याकडून नेसून घेतलं न रस्त्यात उतरवलं म्हणू?"

म्हातारी म्हणाली, "चांगली दिसतं बाई, कोनाची नजर ना लागो." ताई तिच्या पाया पडली. सवयीनं.

पतसंस्थेच्या वऱ्हांड्यात बाकावर पाच-सहा पोरं होती, बूट पुसून आलेली. एकच मुलगी होती. फिकट साडी, हिरवी बारीक किनार, एक वेणी, मनगटावर घड्याळ. ताई तिच्याकडं बघत राहिली. त्या मुलीनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "तुझ्या ताईचं साक्षगंध हाये का आज?" ती चिडवत नव्हती, तिला खरंच आम्ही साखरपुड्याला निघालो असं वाटलं होतं. मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.

नाव पुकारल्यावर ताई उठली, आणि तिच्याबरोबर बाबाही उठले. बघायच्या वेळी बाप बसतोच, तसे ते आत जाऊन बसले. शिपायानंही अडवलं नाही. दाराला अर्धा पडदा होता, त्याच्या फटीतून मला टेबलाची कड आणि ताईची पाठ दिसत होती. आत जाताना पैंजण वाजले तशी टेबलामागची तिन्ही माणसं एकदम वर बघून हसली, प्रेमानंच. पांढऱ्या कपड्यातले मधले अध्यक्ष होते. त्यांच्याजवळच्या मॅनेजरनं विचारलं, "तुमचा विषय कोणता होता?"

हा प्रश्न मी टोपल्यावर बसून किती वेळा विचारला होता. मी कान लावले. पलीकडच्या खोलीत टाइपरायटर वाजत होता. ताईचा आवाज आला नाही. तिची मान खाली होती, गजरा तेवढा हलला. मग बाबांचा आवाज आला, "अर्थशास्त्र, साहेब." पुढचा प्रश्न. पुन्हा टाइपरायटर. पुन्हा बाबा, "येते न साहेब, समदं येते तिले. लय वळणाची हाये." मी बाहेर बसून ताईची सगळी उत्तरं मनात म्हणत होते, अगदी खणखणीत. मला पाठ होती. मनातलं बाहेर कसं ऐकू जाणार?

परतीच्या गाडीत ताईनं भाकर खाल्ली नाही. अमडापूर मागं पडल्यावर खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "मले सारं येत होतं बेबी."

"मंग?"

"थे साडी नेसली का मान वर होतच नाही वं. म्या उचलून पाह्यली."

घरी आत्या दारातच उभी होती. ताईनं तिला सगळं सांगितलं. पदर कसा राहिला, ते कसे हसले, म्हातारी काय म्हणाली. आत्यानं दोनदा ऐकलं.

नंतरचे दिवस पोस्टमनची वाट पाहण्यात गेले. तो आलाच नाही, आली जीप. दुपारी दारात थांबली, तिच्यातून अध्यक्ष आणि त्यांच्या बाई उतरल्या. एवढा मोठा माणूस नोकरीचं सांगायला स्वतः आला असं सगळ्यांना वाटलं. बाबांना चप्पल सापडेना. मी मागच्या दारानं कापसाच्या खोलीत पळाले, कोनाड्यातलं माझं दप्तर काढलं, त्यावरचा कापूस झटकला आणि ते छातीशी धरून दाराआड येऊन उभी राहिले.

अध्यक्ष पाणी प्यायले आणि म्हणाले, "जागेचं सोडा भाऊ, ती त्याच दिवशी त्या दुसऱ्या मुलीला दिली. मी दुसऱ्या कामासाठी आलो. माझ्या बहिणीचा मुलगा आहे, दुसरबीडला. जमीन आहे, कापडाचं दुकान आहे. मुलगी त्या दिवशी पाहिलीच आहे आम्ही. तुमची इच्छा असेल तर पुढचं बोलू."

माय पदर तोंडाला लावून रडायला लागली, आनंदानं. आत्याचं तोंड असं उजळलं होतं की मला अजून दिसतं. ताई शेणानं सारवून उठली होती, हात कोपरापर्यंत भरलेले. ती ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदा अध्यक्षांच्या तोंडाकडं सरळ पाहिलं. "साहेब, माझी उत्तरं बरोबर होती का?"

अध्यक्षांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. "उत्तरं? ती तर आम्हाला ऐकूच आली नाहीत बाई, इतक्या हळू बोललात तुम्ही." आणि आपल्या बाईंकडं वळून म्हणाले, "मी घरी आल्या आल्या हिला म्हटलं, असं वळण आता कुठं पाहायला मिळतं?"

मी दप्तर परत कोनाड्यात ठेवलं. कोणी पाहिलं नाही.

ताईला कोणी विचारलं नाही असं नव्हे. बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "अजून एका मुलाखतीले जाऊ द्या, मंग पाहू." बाबा म्हणाले, "असं स्थळ वाट पाहीन का पोरी? नोकरी काय, लग्नानंतर बी करता येते." त्यांनाही तसंच वाटत होतं. दुसरबीडच्या माणसांनीही तेव्हा नाही म्हटलं नव्हतं. मग नुसतं राहून गेलं, माझ्या सुट्टीसारखं. ताईचा नवरा भला माणूस होता, तिनं कधी त्याचं वाईट सांगितलं नाही. आम्ही दोघी भेटलो की पाचवीचं मी काढत नसे आणि मुलाखतीचं ती.

लग्न उन्हाळ्यात लागलं. तोवर कापूस विकून झाला होता. हळदीच्या आदल्या दिवशी ताईनं मला मधल्या खोलीत बोलावलं आणि म्हणाली, "बेबी, विचार न एकदा. पहिल्यापासून." मी टोपलं उपडं केलं. तुमचा विषय कोणता? ताईनं उत्तर दिलं, पहिल्यासारखंच मोठ्यानं. पण खोली रिकामी होती. तिचा आवाज भिंतींवर आपटून सगळ्या घरात गेला, ओसरीवर गेला, अंगणात पापड वाळत घालणाऱ्या बायांपर्यंत गेला. ताई दचकली, पण थांबली नाही. सगळी उत्तरं दिली. बाहेर सगळं शांत झालं आणि आत्याचा आवाज आला, "कोन आलं वं खोलीत? कोनाचा आवाज हाये?"

जन्मापासून अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरीचा आवाज तिला ओळखू आला नाही.

त्याच संध्याकाळी ताईनं राखाडी साडी आत्याला दिली. "मले काय कामाची आता," म्हणाली. आत्या ती विरेपर्यंत नेसली.

परवा ताईच्या नातीची मुलाखत होती, पुण्याला, इंजिनियर झाली आहे. तिनं फोनवर दोन-तीन कपडे दाखवून आम्हा दोघी म्हाताऱ्यांना विचारलं, कोणतं घालू. मी म्हटलं, निळं छान आहे. ताईनं सगळे कपडे पुन्हा एकदा दाखवायला लावले. मग म्हणाली, "थे घालून आधी घरात बस, आन मोठ्यानं बोलून पाह्य. आवाज निघाला तं घाल." नात हसली. ताई हसली नाही.

मला तेव्हा आत्या आठवली. ती शेवटच्या आजारात होती आणि मी माहेरी तिच्याजवळ राहायला गेले होते. तिच्या अंगावर तीच राखाडी साडी होती, जागोजाग विरलेली, काठाचा निळा रंग जाऊन नुसती वीण राहिलेली. मी तिचे पाय चेपत होते. ती एकाएकी म्हणाली, "बेबी, थ्या दिवशी आपल्या कुसुमची जागा ज्या पोरीले भेटली, तुनं पाह्यली होती न तिले?"

"हाव."

"काय नेसली होती थे?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी पाय चेपायचे थांबले. आत्यानं आपल्या पदराचं टोक दोन बोटांत धरून वर केलं, मला दिसेल असं. "असी?"

"नाही आत्या," मी म्हटलं. "लाल होती. जरीची. आपल्या ताईवाणीच."

आत्या माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर हळूच खाली ठेवला आणि हातानं सारखा केला. तिला कळलं होतं. सांगताना माझी मान खाली गेली होती, आणि पोरीची मान कशानं खाली जाते हे आत्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं.